'चूक त्याचीच होती' म्हणणं बंद करा!

रस्त्यावर माणूस मेला की आपल्याकडे एक वाक्य तयार असते, 'चूक त्याचीच होती.' संपला विषय!

या वाक्याशी एक इंजिनिअर आयुष्यभर भांडला. दिनेश मोहन. आयआयटी मुंबईत शिकले, अमेरिकेत हायवे सुरक्षेचं काम केलं, मग दिल्ली आयआयटीत शिकवलं. 21 मे 2021 ला कोरोनानं गेले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण नसावी, असा रस्ता बांधा. चारा कापायच्या यंत्रात खेड्यातल्या लोकांची बोटं तुटत होती, तेव्हा त्यांनी 'सांभाळून काम करा' असं प्रवचन नाही दिलं. यंत्रच सुरक्षित करायला घेतलं.

अन् आपण? 'वाहन सावकाश चालवा' असा फलक, सुरक्षा सप्ताह, हेल्मेट वाटताना फोटो. रस्ता गुळगुळीत अन् पायी चालणाऱ्या पोराला कडेला जागा नाही, तर फलक वाचून गाडी हळू होईल काय?

2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्त्याचे सुरक्षा-निकष न पाळल्यानं जीव गेला, तर कंत्राटदार, सल्लागार अन् जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. एक लाख कमीच आहे, पण तेवढंही आपण काहून मागत नाही?

आंबागडकरांनो, पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडू: गावाच्या दोन्ही तोंडांना वेग तोडणारे उंचवटे, शाळेपाशी पायवाट, वळणावर दिवे. मोहन सरांना हार घालण्यापेक्षा हे करा. कोण येते सोबत, खाली लिहा.