मध्यमेश्वराची रेषा आणि पाच मिनिटांची चूक

१/ वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिरातून प्राचीन मध्यरेषा जाते, असे सांगितले जाते. त्यावरून ‘ग्रिनिचने आमची रेषा चोरली’ असा निष्कर्ष काढणे उथळ आहे. आख्यायिका मात्र निराधार नाही.

२/ सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत मध्यरेषेवरील स्थळे दिली. त्यांत अवंतीच्या (उज्जैनच्या) दक्षिणेस वत्सगुल्म येते. हेच आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी.

३/ प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून अधिक आहे. एका अंशास ४ मिनिटे धरली, तर तेथील मध्यान्ह पाच मिनिटांहून थोडी आधी होते.

४/ या चुकीला हसू नये. अक्षांश शंकूच्या सावलीवरून कळतो. रेखांशासाठी दूरच्या दोन गावांची वेळ एकाच क्षणी ताडावी लागते. सूर्यसिद्धान्ताने त्यासाठी चंद्रग्रहण सुचवले: ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते, स्थानिक वेळांतला फरक म्हणजेच देशांतर. पण पृथ्वीच्या छायेची कड धूसर, आणि हाताशी २४ मिनिटांचे घटिकापात्र. त्या मानाने चूक पाव घटिकेहूनही कमी!

५/ संगणकांपुढेही हाच पेच होता. डेव्हिड मिल्स यांच्या १९८५च्या ‘एनटीपी’त संगणक दूरच्या घड्याळाला वेळ विचारतो आणि जाण्यायेण्याचा काळ निम्मा करून आपले घड्याळ लावतो. दोन्ही वाटा सारख्या नसतील, तर चूक येथेही उरतेच.

६/ म्हणून मध्यमेश्वराला पृथ्वीचे केंद्र ठरवण्याचा अट्टहास व्यर्थ वाटतो. ग्रिनिचही १८८४च्या परिषदेत मतदानाने ठरले. आज वाशीमच्या मोबाइलमध्ये बारा वाजतात, तेव्हा तेथील सरासरी सौरवेळ सुमारे ११ वाजून ३८ मिनिटे असते.