डोळा आभाळात नाही, दप्तरात आहे



गावागावांत सध्या एक नवे भूत फिरते आहे. जुने भूत चिंचेवर बसायचे, हे उपग्रहात बसते. "वरून सरकारला सगळे दिसते." "फोनवर बोललेले सगळे दिल्लीत ऐकू जाते." "शेतकरी ओळख क्रमांक काढला की जमीन गेलीच समजा." पारावर कोणी तरी हे सांगतो, दहा जण माना डोलावतात, आणि संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या चार गावांत पोचलेले असते.

सरकार आपल्यावर नजर ठेवत नाही, असे मी म्हणणार नाही. नजर आहे, आणि ती वाढते आहे. पण ती नेमकी कुठे आहे हे न कळल्यामुळे आपण साप सोडून भुई धोपटतो आहोत. ज्या डोळ्याला भ्यायचे कारण नाही त्याला भितो, आणि ज्या डोळ्याला जाब विचारायचा त्याच्यासमोर मान खाली घालून अंगठा लावतो. या अफवांनी सरकारचे काडीचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते आपले.

नोटेतली चिप

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन हजाराची नवी नोट आली तशी बातमी उठली की, तिच्यात चिप आहे आणि १२० मीटर जमिनीखाली पुरली तरी ती उपग्रहाला सापडते. टीव्हीवाल्यांनीही ती पसरवली.

साधा विचार करा. संदेश पाठवणाऱ्या यंत्राला वीज लागते. तुमचा मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, मग कागदाच्या नोटेला वीज कोण देणार? दुसरे असे की, जीपीएसचा उपग्रह रेडिओ केंद्रासारखा असतो. तो फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याचा आवाज ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब खालचा मोबाइल करतो. उपग्रहाला तुमचा पत्ताच नसतो.

चिप नव्हती हे उघड झाले. पण आपण चिपवर वाद घालत होतो तेव्हा काय घडले? १४ नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. शेतकऱ्याचे खाते तिथे, सोसायटीचे कर्ज तिथे, कापूस विकायचे आणि रब्बीच्या पेरणीचे दिवस, आणि नेमके तेच दार बंद. पुढे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ साली सांगितले की, रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. दोन हजाराची नोटही २०२३ मध्ये चलनातून काढायला घेतली. दार बंद करण्याचा निर्णय लेखी होता, तारखेचा होता, सहीचा होता. त्यावर किती पारांवर चर्चा झाली?

लाल खूण

दुसरी अफवा व्हॉट्सॲपची. "उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार. दोन निळ्या खुणा आणि एक लाल दिसली की तुमच्यावर कारवाई सुरू. सरकारविरुद्ध काही पाठवू नका." हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. व्हॉट्सॲपवर तिसरी खूणच नाही, लालही नाही. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही तो खोटा ठरवला आहे.

फोनवर पाळत ठेवताच येत नाही असे नव्हे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सरकारला तो अधिकार दिला आहे आणि त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा आदेश लागतो. कोण कोणाशी किती वेळ बोलले, कोणत्या टॉवरखाली होते, याची नोंद कंपनीकडे राहते आणि ती पोलिसांना मिळते. पेगॅसससारख्या हेरगिरीच्या हत्यारावर सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमावी लागली. पण ही पाळत हेरून ठेवलेल्या माणसांवर असते. ज्वारीच्या भावाबद्दल कुरकुरणाऱ्या प्रत्येकाचे बोलणे ऐकत बसायला कोणत्याही सरकारकडे माणसे नाहीत.

आता त्या मजकुराचा शेवट पुन्हा वाचा: सरकारविरुद्ध काही पाठवू नका. म्हणजे ना आदेश, ना सही, ना खर्च, आणि शेतकरी गप्प. पोलिसाचे काम अफवेने फुकटात केले. असा मजकूर पुढे ढकलणारा स्वतःला हुशार समजतो. तो सरकारचा बिनपगारी शिपाई झालेला असतो.

याच फोनवरून याहून भयंकर विष पसरते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मारणारे आपल्यासारखेच कष्टकरी होते, मेलेले त्यांच्याहून गरीब. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून गावेच्या गावे जागली. अशा जागत्या, भ्यालेल्या गावात रात्री अनोळखी माणूस शिरला तर काय होईल, हे राईनपाड्यानंतर वेगळे सांगायला नको.

उपग्रहाला काय दिसते

आता आभाळातल्या डोळ्याकडे. पिके पाहण्यासाठी जगभर वापरतात त्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे जवळपास एक गुंठा. तुमचे एकरभर वावर त्याला चाळीस ठिपक्यांएवढे. त्यात तुम्ही, तुमची बैलजोडी, धुऱ्यावरचे भांडण, काही दिसत नाही. याहून तीक्ष्ण नजरेचे उपग्रह आहेत. आपला २०१९ चा कार्टोसॅट-३ तसा आहे. पण तोही वावरावर मुक्काम ठोकून बसत नाही, पृथ्वीभोवती फिरत राहतो. बियाण्यात कोणता जीन आहे हे तर कोणत्याच उपग्रहाला कळत नाही. त्याला पान तोडून चाचणी करावी लागते.

खरी गोष्ट उलटी आहे. उपग्रहाला फार दिसते हा धोका नाही. त्याला कमी दिसते आणि तरीही त्याचेच खरे धरले जाते, हा धोका आहे. जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाआडचे दिसत नाही. रडारचा उपग्रह ढगातून पाहतो, पण पिकाची ओळख त्याला अवघड जाते. त्यात आपली कपाशी, मध्ये तुरीचे तास, कडेला ज्वारी. एका गुंठ्याच्या ठिपक्यात तीन पिके. पऱ्हाटी हिरवीगार उभी आहे पण बोंडे सडली आहेत, हे वरून कोण सांगणार?

आणि हा ठिपका आता पैशाच्या हिशेबात शिरला आहे. केंद्राने २०२३ पासून पीकविम्यात भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन दिले. ही पद्धत पुढे इतर पिकांकडे सरकते आहे. भांडायचे ते इथे. उपग्रह बघतो म्हणून भांडू नका. त्याने चुकीचे बघितले तर दाद कुठे मागायची, यासाठी भांडा.

नोंद नाही, तर माल नाही

ओळख क्रमांकाने जमीन जात नाही. जमीन जाते ती खरेदीखताने, फेरफाराने, जप्तीने किंवा भूसंपादनाच्या अधिसूचनेने. या प्रत्येकाला कागद असतो, नोटीस असते, हरकतीची मुदत असते. क्रमांकाला भिऊन बसलेला आणि नोटीस न वाचलेला, असा माणूस जमीन गमावतो.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. "वावराचा फोटो कशाला द्यायचा, उद्या कर लावतील," म्हणून कित्येकांनी नोंद केली नाही. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने कापूस घ्यायला कपास किसान ॲपवर नोंदणी लावली आणि कपाशीच्या पेऱ्याची नोंद मागितली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ज्याच्या सातबारावर कपाशीच नाही, त्याने तो कोणत्या तोंडाने मागायचा? फोटो न देऊन सरकारची अडचण झाली नाही, व्यापाऱ्याची सोय झाली.

पण नोंद करा म्हणजे मुकाट्याने करा असे नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२१ मध्ये सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी मायक्रोसॉफ्टशी करार केला होता, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या गावांना कोणी विचारले होते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात कलम १७ ने सरकारला सुटीची वाट ठेवली. ठोक्याने-बटईने करणाऱ्याचे नाव सातबारावर नाही, म्हणून क्रमांक मालकाला आणि घाम दुसऱ्याचा. ही आहे खरी नजर. ती आभाळात नाही, तहसीलच्या संगणकात आहे. ती आपल्याला फार ओळखते असेही नाही. चुकीचे ओळखते, आणि चूक दुरुस्त करायला आपल्याला हेलपाटे घालायला लावते.

मग करायचे काय

कोणी नवी बातमी आणली तर तीन गोष्टी विचारा. शासन निर्णयाचा क्रमांक काय? तारीख काय? सही कोणाची? तिन्हींचे उत्तर नसेल तर ती बातमी तिथेच पुरा, पुढे ढकलू नका.

दुसरे, आपल्या सातबाराचा नमुना बारा काढून पाहा. पीक चुकले असेल तर तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, काम तेच आहे. उत्तर नाही आले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा.

तिसरे, जिल्हा बैठकीत या मागण्या एका आवाजात मांडू. आपल्या वावराबद्दल जे नोंदले आहे त्याची छापील प्रत आपल्याला फुकट मिळाली पाहिजे. उपग्रहाचा आकडा आणि वावरातले पीक जुळत नसेल तर शेतकऱ्यासमोर पंचनामा झाला पाहिजे आणि तोच ग्राह्य धरला पाहिजे. आपली माहिती कोणत्या बँकेला, कोणत्या कंपनीला दिली, त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. आणि बटईदाराची नोंद झाली पाहिजे.

सरकार आपला गट नंबर, आधार, खाते, पीक सगळे पाहते. मग आपणही त्याचे दप्तर पाहू. बैठकीला येताना प्रत्येकाने आपला नमुना बारा सोबत आणावा.