बर्लिनचे पदक आणि अमरावतीची माती

१/ अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले, ही वऱ्हाडच्या इतिहासातील मोठी घटना आहे. मात्र ती आज ज्या रूपात फिरवली जाते, त्या रूपात दोन दोष आहेत. पहिला तपशिलाचा, दुसरा विवेकाचा. दुसरा अधिक गंभीर आहे.

२/ प्रचलित कथा सर्वांच्या परिचयाची आहे: बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डीला प्रदर्शनीय खेळाचा अधिकृत दर्जा मिळाला, वऱ्हाडी तरुणांचे कसब पाहून हिटलर भारावला, त्याने त्यांचा गौरव केला, म्हणून अमरावती थोर. हरकत आहे ती या ‘म्हणून’ला.

३/ आधी तपशील. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच होते: बेसबॉल आणि ग्लायडिंग. कबड्डी त्यांत नव्हती. अमरावतीकरांनी मल्लखांब, हुतूतू आणि इतर देशी व्यायामप्रकार दाखवले ते ऑलिंपिकच्या निमित्ताने, परंतु स्पर्धांच्या कार्यक्रमाबाहेर.

४/ यामुळे त्या पथकाची उंची तसूभरही कमी होत नाही, उलट वाढते. पदक मिळण्याची शक्यता नाही, खेळाचे नावही परक्यांना ठाऊक नाही, आणि तरीही आपली विद्या जगापुढे मांडायची, यासाठी निराळेच धैर्य लागते.

५/ हे तरुण निघाले तो प्रदेश कोणाचा होता, हेही पाहावे. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ मिळून झालेला वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा होता. १९०२ च्या कराराने इंग्रजांनी तो सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला.

६/ ऑलिंपिक संपून जेमतेम अडीच महिने होतात तोच, ऑक्टोबर १९३६ मध्ये नवा करार होऊन निजामाच्या नाममात्र स्वामित्वावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. म्हणजे मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा, आणि लोक ज्या भारताचे नाव घेत तो स्वतंत्र देश म्हणून अजून जन्मालाच यायचा होता.

७/ त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे नमवले. तो संघही परक्या सत्तेच्या निशाणाखाली खेळत होता. सामन्यापूर्वी खेळाडूंनी तिरंग्याला वंदन केले, ते खोलीच्या बंद दाराआड.

८/ अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तो खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यावर. समुद्र नसताना या मुलखाने मीठ केले. राष्ट्र नसताना याच मुलखाने राष्ट्राच्या नावाने पथक धाडले. दोन्ही कृतींचे मूळ एकच: परवानगीची वाट न पाहणे.

९/ ती ताकद एका दिवसात आलेली नव्हती. वैद्य बंधू, अंबादासपंत आणि अनंत, यांनी १९१४ साली अमरावतीत आखाडा घातला. त्यातून मंडळ उभे राहिले, मंडळातून व्यायामशिक्षक तयार झाले. बर्लिन गाठले गेले ते बावीस वर्षांच्या मेहनतीवर.

१०/ मल्लखांबावर अढी बसायला, मग दसरंग साधायला किती घाम गाळावा लागतो, हे एरंडेल लावलेल्या लाकडाला ज्याने मिठी मारली आहे त्यालाच कळते. त्या घामाचे मोल ठरवायला हिटलरचे प्रशस्तिपत्र कशासाठी?

११/ कारण ते देणारा कोण होता? १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी त्याने ज्यूंचे नागरिकत्व हिरावले होते. जुलै १९३६ मध्ये बर्लिनमधील रोमा कुटुंबांना उचलून मार्त्सानच्या छावणीत डांबले गेले. त्याच उन्हाळ्यात शहराच्या उत्तरेला झाक्सेनहाउझेनची छळछावणी उभी राहत होती. वंशाच्या उतरंडीत भारतीयांना खालची पायरी देणारा हाच माणूस.

१२/ शिवाय त्या वर्षी जर्मन सरकारने ऑलिंपिकच्या निमित्ताने सन्मानचिन्हे आणि स्मरणपदके हजारोंनी वाटली. पाहुण्यांना गौरवणे हा त्या राजवटीच्या प्रचाराचा भाग होता. प्रचारासाठी वाटलेल्या धातूवर वऱ्हाडने आपला मोठेपणा तोलावा, ही शोकांतिका आहे.

१३/ यात त्या तरुणांना बोल लावण्याचे कारण नाही. ४९ देशांचे संघ तिथे गेले होते, आणि पुढचा नरसंहार तेव्हा घडायचा होता. बोल आहे तो आजच्या कथाकारांना. सगळा इतिहास समोर असताना ते त्या तरुणांची ओळख त्यांच्या गुरूंवरून करून न देता एका हुकूमशहाच्या कौतुकावरून करून देतात.

१४/ पुरावा हवा असेल तर १९४९ पाहा. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड या जागतिक व्यायाम-महोत्सवात याच मंडळाचे पथक गेले, आणि या वेळी स्वतंत्र भारतातून गेले. ती गोष्ट मात्र फारशी फिरत नाही. तिच्यात हिटलर नाही, एवढाच तिचा अपराध.

१५/ परकीय शाबासकीच्या या हव्यासात घरचे काम मागे पडते. कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत आली १९९० मध्ये; २०१८ साली इराणने जाकार्तात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांना हरवले. मल्लखांबाला २०१३ मध्ये राज्यखेळाचा मान दिला तो मध्य प्रदेशाने. ज्यांनी मेहनत केली त्यांनी मिळवले, आणि तेच न्याय्य आहे.

१६/ आता २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बर्लिनला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होतील. कबड्डी शंभर वर्षांपूर्वीच ऑलिंपिकमध्ये होती, असा दावा व्यासपीठांवरून होण्याची शक्यता दाट आहे. तो पहिल्याच तपासणीत कोसळेल, आणि त्याखाली खरी गोष्टही गाडली जाईल.

१७/ तेव्हा शताब्दी साजरी करायचीच असेल तर खऱ्या तपशिलाने करावी. पथकातील प्रत्येकाचे नाव, गाव आणि त्याने दाखवलेला प्रकार यांची नोंद अमरावतीत आणि अकोल्यात मुलांना वाचता येईल अशा ठिकाणी लावावी. त्या फलकावर वैद्य बंधूंना मानाची जागा असावी. हिटलरला तिथे एका ओळीचीही जागा नसावी.