साठ-चाळीसचा विश्वास

आनेकलला समुद्र नाही. इथे बसून मी नौकांच्या डिझेलवर लिहिते आहे याचे कोणाला हसू आले तर येऊ द्या. करसवलतीचा प्रश्न किनाऱ्यापुरता नाही.

ब्रिटनमध्ये लाल रंग मिसळलेले, कमी कराचे डिझेल मिळते. मुळात ते शेती, मासेमारी अशा कामांसाठी. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सरकारने बांधकामासह अनेक उद्योगांची ही सवलत काढून घेतली. हौसेने नौका बाळगणाऱ्यांची मात्र ठेवली. नियम असा की, नौका चालवायला जेवढे डिझेल लागते त्यावर पूर्ण कर भरायचा आणि नौकेतल्या ऊब-विजेसाठी लागते त्यावर सवलत घ्यायची. पण कशाला किती लागले हे ठरवणार कोण? खरेदीदार स्वतःच. साठ टक्के चालवायला, चाळीस टक्के उबेला, असे त्याने लिहून दिले की बहुतेक वेळा पुरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने हौशी नौकांना हे डिझेल देण्याविरुद्ध निकाल दिला. उत्तर आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ते बंद झाले, उरलेल्या ब्रिटनमध्ये चालूच आहे.

ही सवलत राहावी का? माझे उत्तर नाही असे आहे. पण मला जास्त खटकते ते लिहून दिलेल्या शब्दावर ठेवलेला तो विश्वास. तो कोणाच्या वाट्याला येतो?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकेच्या मच्छीमारालाही डिझेलवरच्या मूल्यवर्धित करात सवलत आहे. कोळीवाड्यात तिला 'डिझेल परतावा' म्हणतात आणि या नावातच सगळे आले. आधी पूर्ण भावाने डिझेल भरायचे, मग कर परत मागायचा. त्यासाठी नौकेची नोंदणी हवी, परवाना हवा, मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व हवे, ठरलेल्या कोट्यातच खरेदी हवी. कागद संस्थेकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातात. पैसे येतात ते महिनोन्महिने थकून. तोवर पुढच्या फेरीचे डिझेल कशाने भरायचे? व्यापाऱ्याच्या उचलीने. मग मासळीचा भाव त्याच व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकायचा. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागले, तेव्हा मच्छीमार संस्थांचे पंपही घाऊक ग्राहक ठरले. किरकोळ पंपापेक्षा सवलतीचा पंप महाग!

आपल्यापैकी ज्यांनी शिष्यवृत्तीवर पदवी घेतली त्यांना ही रीत नवी नाही. 'आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल.' घरात पहिल्यांदा कोणी कॉलेजात गेलेले, त्या घराने ती फी कुठून भरायची? कोणाच्या आईचे मंगळसूत्र गहाण पडले, कोणाचा निकाल अडकला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले खाते, आणि पोर्टलवर महिनोन्महिने तीच ओळ: अर्ज प्रलंबित. सरकार आपल्याला उसने पैसे देते असे आपल्याला वाटत राहते. प्रत्यक्षात आपण सरकारला बिनव्याजी उधार देत असतो.

आता वर आकाशात पाहू. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमानाच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. कारण दिले बंगळुरूशी बरोबरीचे. हा दर टाकीत इंधन पडतानाच लागू होतो. विमान प्रवाशांचे आहे की कोणा शेठच्या सहलीचे, हे दर विचारत नाही. डिझेलवरचा कर जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई-ठाण्यातही २४ वरून २१ टक्के झाला, म्हणजे कपातीनंतरही विमानाच्या इंधनापेक्षा जास्तच. इकडे कर्नाटकाने एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा कर वाढवून २१.१७ टक्के केला. त्याआधी जानेवारीत बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले होते. बोम्मसंद्र आणि जिगणीच्या कारखान्यांतली पाळी संपवून आनेकलच्या बसला लोंबकळणाऱ्या पुरुष कामगाराला त्या भाड्याचा परतावा कोणी देत नाही. (बायकांना २०२३ पासून 'शक्ती' योजनेत प्रवास मोफत आहे. तिची 'फुकटेगिरी' म्हणून टवाळी होते. विमानाच्या इंधनातल्या कपातीला तो शब्द लावलेला मी अजून ऐकलेला नाही.)

आक्षेप आहेत. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी नौकांवर ४० टक्के जीएसटी लागतो, मासेमारीच्या नौकेवर ५ टक्के. नौकेवर इतका कर घेतल्यावर इंधनात तरी सूट द्या, असे कोणी म्हणू शकेल. पण नौका एकदा घेतली जाते, डिझेल दर रविवारी जळते. दुसरा आक्षेप मला जड वाटतो. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारे अनेकजण मच्छीमार घरांतलेच आहेत. त्यांची नौका हौशी कशी? नाहीच. ती रोजीरोटी आहे आणि तिला व्यवसाय म्हणूनच मोजावे. ब्रिटनच्या कालव्यांवर नौकेतच संसार करणाऱ्यांच्या चुलीच्या डिझेललाही माझा विरोध नाही. गेटवेसमोर नांगरलेल्या नौकेच्या मालकाने मात्र त्यांच्या आडून बोलू नये.

आणि परतावा तरी सगळ्या कोळीवाड्याला मिळतो का? तो नौकेच्या मालकाच्या नावावर येतो. खलाशी हिश्श्यावर किंवा पगारावर असतो. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घेऊन भाड्याच्या टेम्पोने बाजार गाठणाऱ्या कोळणीचे डिझेल कोणत्याच कोट्यात बसत नाही. तिच्या टोपलीतल्या बर्फाचा भाव वाढतो, टेम्पोचे भाडे वाढते, आणि त्या भाड्यातला कर ती मुकाट भरते. बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथात जमीनमहसूल आणि मीठकराचा भार गरिबांवर कसा पडतो हे दाखवले होते. डिझेलवरचा करही त्याच जातीचा आहे, दिसत नाही इतकेच.

म्हणून मागणी परताव्याची रक्कम वाढवण्याची नको. मच्छीमाराला सूट पंपावरच मिळावी, बिलातच वजा होऊन. कर्नाटकाने २०२३-२४ मध्ये मासेमारी नौकांच्या करमुक्त डिझेलची मर्यादा दीड लाखांवरून दोन लाख किलोलिटर केली, महाराष्ट्राला हे परवडत नाही असे नाही. कोळणींच्या टेम्पोचे भाडे त्याच योजनेत यावे, आणि शिष्यवृत्तीचे पैसे प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात जमा व्हावेत. हौशी नौकावाल्याला उद्या सवलत हवी असेल, तर त्याने आधी पूर्ण भावाने भरावे, नोंदवही दाखवावी आणि तीच ओळ वाचत बसावे: अर्ज प्रलंबित.