तुरुंगाच्या दारापाशीं

जन्मठेप म्हणजे नेमकीं किती वर्षें, हा प्रश्न आमच्या घरांत निघाला तो रात्रीच्या पंक्तीला. कोणी तरी एका गाजलेल्या गुन्हेगाराच्या सुटकेची बातमी वाचून दाखविली, आणि पानांतील भात निवेपर्यंत वाद चालला. थोरले बंधु म्हणाले, चौदा वर्षें. नुकताच वकिलीची परीक्षा उतरलेला पुतण्या म्हणाला, वीस. वाढतां वाढतां काकूंनीं आपलें मत दिलें, "जन्म म्हणजे जन्म! नाहीं तर तिला जन्मठेप म्हणायचं तरी कशाला?" मौज अशी कीं, तिघांत कायद्याच्या अगदीं जवळ पोहोंचल्या त्या काकूच, आणि त्यांनीं कायद्याचें एकहि पुस्तक आजवर उघडलेलें नाहीं.

चौदा आणि वीस हे दोन्ही आंकडे निराधार नाहींत, हें मात्र खरें. १८६० च्या दंड संहितेच्या ५७ व्या कलमांत जन्मठेप ही वीस वर्षांच्या कैदेइतकी धरावी असें म्हटलें होतें. परंतु तें केवळ शिक्षेचे अंश काढण्यापुरतें. एखाद्या गुन्ह्याला जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा सांगितली असेल, तर निम्मी कशाच्या, एवढें ठरविण्यापलीकडे त्या विसाचा उपयोग नव्हता. चौदांची कथा पुढची. १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेंत ४३३-अ हें कलम आलें. ज्या गुन्ह्याला फांशीहि देतां येते अशा गुन्ह्याबद्दल ज्याला जन्मठेप झाली, किंवा ज्याची फांशी जन्मठेपेंत बदलली, त्याला प्रत्यक्ष चौदा वर्षें भोगल्यावांचून सोडूं नये, असें तें कलम सांगतें. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तींतहि ही अट कायम आहे. चौदा वर्षांपूर्वीं दार उघडावयाचें नाहीं, एवढेंच काय तें हें कलम म्हणतें. पंधराव्या वर्षीं तें उघडलेंच पाहिजे, असें त्यांत कोठेंहि नाहीं. लोकांनीं मात्र मनाई विसरून तिचा हक्क करून टाकला आहे.

काकूंच्या बाजूचा निर्णय आपल्याच राज्याच्या नांवानें नोंदलेला आहे. गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, तारीख १२ जानेवारी १९६१. महात्मा गांधींच्या खुनाच्या कटाबद्दल दिल्लीच्या लाल किल्ल्यांत बसलेल्या विशेष न्यायालयानें १० फेब्रुवारी १९४९ रोजीं त्यांना जन्मठेप सांगितली होती. तुरुंगांतील चांगली वागणूक, श्रम, सरकारनें प्रसंगोपात्त दिलेली सार्वत्रिक माफी, अशा नाना मार्गांनीं त्यांच्या खात्यावर सुमारे आठ वर्षांची सूट जमली होती. भोगलेलीं वर्षें आणि मिळालेली सूट मिळून वीस वर्षें भरलीं, आतां मला सोडा, असा त्यांचा अर्ज होता. सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. जन्मठेप ही उरलेल्या सबंध आयुष्याची शिक्षा होय. तींतून सूट द्यावयाची किंवा नाहीं हें ठरविणें सरकारचें काम, कैद्याच्या बेरजेचें नव्हे, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. कायदा तेव्हांपासून तोच आहे.

आणि सरकारनें पुढें ठरविलें. ऑक्टोबर १९६४ मध्यें गोपाळ गोडसे, विष्णु करकरे आणि मदनलाल पाहवा हे तिघे सुटले. अटकेपासून मोजलें तर सोळा वर्षांहून अधिक काळ ते आंत होते. त्याच १९६४ सालीं नौदलाचे कमांडर नानावटी यांना राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडून माफी मिळाली. १९५९ मध्यें त्यांनीं मुंबईंत आपल्या पत्नीच्या मित्राला गोळ्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयानें त्यांची जन्मठेप १९६१ च्या नोव्हेंबरांत कायम केली. आणि तिसरें वर्ष पुरें होण्यापूर्वींच माफीचा कागद आला. तेव्हां ४३३-अ नव्हतें. नानावटींच्या बाजूला शहराचें प्रेम होतें आणि वर्तमानपत्रांचा कैवार होता. मेलेल्याच्या बाजूला त्याची एक बहीण होती. दोन्ही गुन्हे एका तागडींत घालावेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकाच वर्षीं, एकाच राज्यांत, एकाच नांवाच्या शिक्षेचें एक माप सोळा वर्षांचें निघतें आणि दुसरें तीनहि वर्षांचें निघत नाहीं, तेव्हां 'शिक्षा गुन्ह्याच्या मानानें झाली काय' हा प्रश्न न्यायालयाला विचारून भागत नाहीं. न्यायालयानें दोघांनाहि एकच शिक्षा दिली होती.

आतां आम्ही ज्या गोष्टीकडे येत आहों ती आमच्या वाचकांपैकीं कांहींना रुचणार नाहीं. १२ नोव्हेंबर १९६४ रोजीं पुण्यांत, सुटून आलेल्या मंडळींच्या स्वागतासाठीं सत्यविनायकाची पूजा आणि समारंभ झाला. अध्यक्षस्थानीं लोकमान्यांचे दौहित्र ग. वि. केतकर होते, आणि हा बेत आपल्याला आधीं ठाऊक होता असें ते भाषणांत बोलून गेले. वर्तमानपत्रांत ती हकीकत येतांच विधानसभेंत आणि संसदेंत गदारोळ उडाला, गोपाळ गोडसे यांना पुन्हां स्थानबद्ध करण्यांत आलें, चौकशी आयोग बसला, आणि न्यायमूर्ति कपूर यांचा अहवाल १९६९ मध्यें आला. आमच्यासारख्या पुष्कळ घरांत १९४८ च्या जळिताच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. आजोबांचा वाडा कसा पेटला, पोथ्या विहिरींत कशा टाकल्या, रातोरात गांव कसें सोडलें, हें मुलांना ऐकवितांना थोरांचा कंठ दाटतो, आणि तें यथार्थच आहे. कारण ज्यांचा त्या खुनाशीं कांहींएक संबंध नव्हता त्यांचे संसार त्यांत जळाले. परंतु त्याच घरांत त्या पूजेचा विषय निघाला कीं पानदान पुढें ओढलें जातें. सोळा वर्षें शिक्षा भोगून आलेल्या माणसाला घर असावें, दोन वेळचें अन्न असावें, कोणी त्याच्या अंगावर धांवून येऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्या कृत्याबद्दल तो आंत गेला, त्याच कृत्याच्या आप्तेष्टांनीं जमून देवापुढें पाट मांडावा, हें सुटकेच्या कोणत्या हुकुमांत लिहिलें होतें? सोळा वर्षांचा हिशेब त्या एका सायंकाळीं विस्कटला, आणि तो सरकारनें विस्कटला नाहीं.

हें आज आठवण्याचें कारण आमच्या पंक्तींतील दुसरी गोष्ट. बिल्किस बानो यांचें नांव वाचकांना ठाऊकच आहे. ३ मार्च २००२ रोजीं गुजरातेंतील दाहोद जिल्ह्यांत, पांच महिन्यांच्या गर्भवती असतां, त्यांच्यावर सामुदायिक अत्याचार झाला. त्यांच्या कुटुंबांतील चौदा माणसें मारलीं गेलीं, त्यांत तीन वर्षांची त्यांची मुलगी होती. गुजरातेंत न्याय निर्भयपणें होणार नाहीं म्हणून सर्वोच्च न्यायालयानें खटला मुंबईस आणविला, आणि २१ जानेवारी २००८ रोजीं मुंबईच्या विशेष न्यायालयानें अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजीं हे अकराहि जण गोध्र्याच्या तुरुंगांतून बाहेर आले, आणि दारापाशींच त्यांना पेढे भरवून हार घातले गेले. शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचें आणि तपास करणाऱ्या केंद्रीय अन्वेषण विभागाचें मत सुटकेच्या विरुद्ध पडलें होतें. या अकरांपैकीं बहुतेकांनीं शिक्षेच्या काळांत रजेवर म्हणून हजार हजार दिवस बाहेर काढले होते, हें पुढें न्यायालयांत उघड झालें. म्हणजे कागदावरचीं चौदा वर्षेंहि सलग अशीं नव्हतींच.

८ जानेवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रांत चालला, शिक्षा महाराष्ट्रांत झाली, तेव्हां सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा; गुजरात सरकारनें तो वापरला तो आपला नसलेला अधिकार होता, असा निर्णय झाला. दोन आठवड्यांची मुदत मिळाली, आणि २१ जानेवारीच्या रात्रीं ते अकरा जण पुन्हां गोध्र्याच्या तुरुंगांत हजर झाले. पुतण्यानें हें सगळें सविस्तर सांगितलें. अधिकारक्षेत्राचा मुद्दा सांगतांना त्याचे डोळे चमकत होते, आणि तें स्वाभाविकहि होतें; मुद्दा खरोखरच बिनतोड आहे.

इतका वेळ भिंतीशीं जपमाळ घेऊन बसलेल्या आत्याबाईंनीं तेव्हां प्रथमच तोंड उघडलें. "हें सगळं ठीक आहे. पण सोडण्यापूर्वीं त्या बाईला कुणी विचारलं होतं का?"

विचारलें नव्हतें. सुटकेनंतर दोन दिवसांनीं स्वतः बिल्किस बानो यांनीं आपल्या निवेदनांत हेंच सांगितलें: हा निर्णय घेण्यापूर्वीं माझ्या सुरक्षिततेची चौकशी कोणी केली नाहीं.

आमच्यांतील कित्येकांचें मत असें कीं, असल्या गुन्हेगारांना फांशीच द्यावी म्हणजे सुटकेचा प्रश्नच उरत नाहीं. या मताला आमचें उत्तर तात्त्विक नाहीं. कोल्हापूरच्या बालहत्यांचें आहे. मुलें पळवून, त्यांचा चोरीसाठीं उपयोग करून, मग त्यांना ठार मारणाऱ्या दोघी बहिणींना २००१ मध्यें फांशीची शिक्षा झाली, २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर इतकीं वर्षें पडून राहिला कीं, जानेवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाला या विलंबापायींच फांशी रद्द करून जन्मठेप द्यावी लागली. कडक शिक्षा सांगणें सोपें असतें. ती राबविणारा कारकून मात्र तोच असतो. मधला मार्ग म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २००८ पासून कांहीं खटल्यांत ठराविक वर्षें, किंवा मरेपर्यंत, सूट मिळणार नाहीं अशी जन्मठेप देण्यास आरंभ केला, आणि २०१५ मध्यें घटनापीठानें बहुमतानें तो अधिकार मान्य केला. तो मार्ग आम्हांला बरा वाटतो, कारण त्यांत शिक्षेचें माप न्यायाधीश उघड सांगतो.

तथापि सुटकाच नको, असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ मध्यें, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या गृहस्थांच्या कल्पनेवरून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें. खुनाची शिक्षा झालेले कैदी तेथें भिंतीवांचून राहत, माळरान फोडून शेती करीत, आणि बायकामुलांना जवळ ठेवीत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट त्यावरूनच निघाला. आमच्या वडिलांच्या पिढीनें तो पाहून डोळे पुसले. ज्याला पुन्हां माणसांत यावयाचें आहे त्याला वाट पाहिजे, हें आपण पडद्यावर तरी कबूल केलें आहे. मात्र स्वतंत्रपुरांतील कैदी फावडें घेऊन ओळखीच्या जगांत परतत होता, हार घालून नव्हे. हा फरक लहान समजूं नये.

आत्याबाईंचा प्रश्न आम्हांला इतका कां लागला, तेंहि सांगितलें पाहिजे. त्यांच्या सासरच्या गांवीं शेजारच्या घरांतील एकुलत्या मुलाचा शेताच्या बांधावरून खून झाला होता. आरोपीला जन्मठेप झाली. त्या मुलाची आई दर संकष्टीला आत्याबाईंकडे येऊन बसे; खटल्याविषयीं ती कधीं बोलत नसे, पण वर्षें मात्र मोजीत असे. 'अजून जन्मभर आहे ना तो?' एवढेंच एखादे वेळीं विचारी, आणि आत्याबाई 'हो' म्हणत. त्यांनाहि तसेंच वाटत होतें.

आमची सूचना अगदीं साधी आहे, आणि पुतण्याच्या मतें कायद्यांत बसण्याजोगी आहे. जन्मठेपेच्या कैद्याला सोडण्याचा विचार चालू झाला कीं ज्याच्या घरचें माणूस गेलें किंवा जिच्यावर अत्याचार झाला, त्या घरीं लेखी सूचना जावी; त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें; तें मानावेंच असें नव्हे, पण निर्णयांत नोंदवावें. सुटकेचीं कारणें प्रसिद्ध व्हावींत. सुटका झालीच तर दिवस आणि वेळ त्या घराला आधीं कळवावी. सरकार पाण्याच्या पट्टीचीं बिलें घरोघर पोहोंचवितें. एवढें एक पत्र त्याला जड जाऊं नये. आणि सत्काराचे मंडप घालणाऱ्यांस सरकारनें अडवावें कीं नाहीं याचा वाद वकिलांनीं घालावा. आपल्या घरांतील पाट आणि निरांजन त्या मंडपाला द्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र आपल्याच हातीं आहे.

त्या शेजारणीला कोणाचें पत्र आलें नाहीं. एका सकाळीं मंडईंत मेथीची जुडी हातांत घेऊन ती भाव करीत होती, आणि समोरच्या गाळ्यावर तो कांदे निवडीत उभा होता. त्यानें तिला ओळखलें नाहीं. ती जुडी तशीच ठेवून घरीं आली, आणि पुढें मरेपर्यंत भाजी आणण्यास तिनें गड्यालाच पाठविलें.