‘हात लावू नका’ एवढ्याने भागत नाही

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुनी स्फोटके नष्ट करताना सहा जण ठार झाले. माल जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा. मृतांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर. अशा मैदानांवर माणसे पितळ-तांबे वेचायला जातात, कारण भंगाराचे रोख पैसे मिळतात.

मुलांना शिकवायलाच हवे: गंजलेले नळकांडे उचलू नका, ठोकू नका, आल्या वाटेने मागे फिरा, ११२ वर कळवा. पण भुकेल्या घराला नुसती सूचना पुरत नाही. जीवघेणे काम कोणाच्या वाट्याला येणार, हे आजही बहुधा जातच ठरवते. म्हणून घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, वस्तीत ही माहिती सांगा आणि ग्रामसभेत मजुरांसाठी प्रशिक्षण, विमा, पर्यायी रोजगारही मागा.