खळ्यातून हाक न मारणारे पाहुणे

मंडळी, परवा नातीचा पुण्याहून फोन आला. शाळेत आरमारावर प्रकल्प करायचाय म्हणे. "आजोबा, कान्होजी आंग्रे पायरेट होते ना? नेटवर तसंच लिहिलंय." मी म्हटलं, "नाही गं, ते मराठी आरमाराचे सरखेल होते." तर म्हणते, "पण ते इंग्रजांची जहाजं पकडायचे ना? मग?"

त्या 'मग?'ला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. नातीसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. कारण तीस वर्षं इतिहास शिकवताना 'इंग्रजांनी किनाऱ्यावरील चाचेगिरीचा बंदोबस्त केला' हे वाक्य मीच फळ्यावर लिहीत आलो आणि पोरांकडून पाठ करून घेत आलो. तेही मालवणात बसून! इंग्रजांच्या कागदांत 'मालवणचे चाचे' म्हणून जे येतात ते आमच्याच या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी, हे ठाऊक असूनही.

आधी आजची रीत बघू. परक्या देशाची युद्धनौका कुणाच्या बंदरात अशीच शिरत नाही. कुठलं जहाज येणार, कधी येणार, किती दिवस राहणार हे वकिलातीमार्फत आधी कळवून परवानगी मागावी लागते. होकार आला की यायचं. मानाची भेट असेल तर यजमान देशाचा झेंडा डोलकाठीवर चढवून २१ तोफांची सलामी द्यायची. किनाऱ्यावरून तेवढ्याच तोफांनी उत्तर येतं, एक कमी नाही की एक जास्त नाही. मग जहाजाचा कप्तान तिथल्या अधिकाऱ्यांच्या भेटीला जातो आणि अधिकारी परतभेटीला जहाजावर येतात. कप्तानाने 'या' म्हटल्याशिवाय यजमानाचे पोलीससुद्धा जहाजावर पाऊल ठेवू शकत नाहीत. पण पाहुणा नियम मोडू लागला, सांगूनही ऐकेना, तर 'आमच्या पाण्यातून बाहेर व्हा' म्हणण्याचा हक्क यजमानाला आहे.

काहींना हा नुसता डामडौल वाटतो. मला नाही वाटत. तोफांची सलामी म्हणजे भरलेल्या तोफा रिकाम्या करून दाखवणं, अशी त्यामागची जुनी समजूत आहे. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की माणूस खळ्यातूनच हाक मारतो, "कोण आसा काय घरात?" आतून "येवा" आल्याशिवाय पडवीत चढत नाही. मग गूळपाणी. समुद्रावरचा शिष्टाचार म्हणजे हीच खळ्यातली हाक. १९८५ साली न्यूझीलंडसारख्या चिमुकल्या देशाने अमेरिकेच्या 'ब्युकॅनन' या युद्धनौकेला बंदरात घ्यायला नकार दिला, कारण जहाजावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे सांगायला अमेरिका तयार नव्हती. पाहुणा केवढाही असो, दार उघडायचं की नाही हे घरधनी ठरवणार.

आता आंग्र्यांकडे येऊ. त्यांचं म्हणणं काय होतं? या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवाना. ही युक्ती त्यांनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने घ्यायला लावत होते, नसेल तर जहाज जप्त करत होते. इंग्रजही स्वतःचे परवाने देत होते आणि त्यांचा मान सगळ्यांनी राखावा असा त्यांचा हट्ट होता. म्हणजे पोर्तुगिजाने मागितला तर तो कायदा, इंग्रजाने मागितला तर तो व्यापार आणि इथल्या माणसाने मागितला तर ती चाचेगिरी! स्पेनच्या लेखी ड्रेक चाचाच होता, पण इंग्लंडच्या राणीने १५८१ मध्ये त्याला 'सर' केलं. चाचा कोण, हे शब्दकोश कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

आणि विजयदुर्ग विसरू नका. आपल्याच जिल्ह्यातला. तुळाजी आंग्रे जुमानेना म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या लढाऊ जहाजांनी आंग्र्यांचं आरमार जाळलं आणि किल्ला घेतला. करारानुसार तो पेशव्यांना मिळायचा होता. पण पाहुणे आत शिरले ते हलेनात. ऑक्टोबरात पुण्याला तह होऊन बाणकोट पक्कं पदरात पडलं, तेव्हा कुठे विजयदुर्ग सोडायला कबूल झाले. गंमत म्हणजे लुटीत कुणाचा किती वाटा हे मुंबईहून निघण्यापूर्वीच त्यांनी आपसांत ठरवून ठेवलं होतं. लूट आधी वाटून मग निघणाऱ्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा. यात आपला दोष नाही असं मात्र नाही. घरातल्या भांडणासाठी परक्याच्या तोफा बोलावल्या त्या आपणच.

आंग्रे अगदी धुतल्या तांदळासारखे होते असंही मी म्हणत नाही. निरपराध व्यापाऱ्यांचा मालही त्यांच्या हाती गेला असणार. आज व्यापारी जहाजांकडून असं दस्तक मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं म्हणणं इतकंच, की माप एकच असू द्या.

हा जुना वाद उकरून काय मिळणार, असं विचाराल. वाद जुना झालेलाच नाही. परक्या युद्धनौकांनी आपल्या १२ सागरी मैलांच्या आत येण्याआधी कळवावं, असा आपला १९७६ चा कायदा आहे. त्याहून पुढे, २०० मैलांच्या पट्ट्यात, परवानगीशिवाय लष्करी कवायती करू नयेत असं भारताचं म्हणणं आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची 'जॉन पॉल जोन्स' लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० मैलांवर येऊन गेली, आणि भारताची पूर्वसंमती न मागता आम्ही हे केलं, असं त्यांच्याच आरमाराने जाहीर केलं. आपल्या सरकारने चिंता कळवली. कायद्याचा अर्थ कोणाचा बरोबर, यावर जाणकार भांडतील. (ज्या १९८२ च्या सागरी कायद्याचा दाखला दिला जातो, तो करार अमेरिकेने स्वतः मंजूर केलेलाच नाही.) पण मित्र म्हणवणाऱ्याने खळ्यातून हाकही न मारता यावं आणि वर गावभर सांगत सुटावं, ही कुठली रीत?

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आपल्या तारकर्लीला झाला. उर भरून आला होता. पण त्या गर्दीतल्या किती जणांना 'दस्तक' हा शब्द ठाऊक असेल? मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून 'आंग्रे' नाव आहे, आणि आपली मुलं त्याच आंग्र्यांना पायरेट म्हणतात. यात मुलांचा काय दोष? शिकवणारे आम्हीच.

असो. नातीला प्रकल्पासाठी एकच वाक्य लिहून दिलंय, 'कान्होजी आंग्रे आपल्या पाण्यात येणाऱ्याला विचारून या असं सांगत होते, आणि आज सगळे देश आपल्या बंदरात येणाऱ्या युद्धनौकांना तेच सांगतात.' तिच्या बाईंनी गुण कापले, तर फोन सरळ माझ्याकडे द्यायला सांगितलंय.